घराचा नकाशा: जाहिरातीतला आणि मंजूर झालेला

दसरा आला की घर नोंदवणाऱ्या वाचकांकडून एकच गोंधळ निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न (कोथरूड): नकाशावर १:१०० (कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षात एक मीटर) असे प्रमाण लिहिले आहे, पण पट्टीने मोजल्यास खोली वेगळ्याच मापाची येते. असे का?

उत्तर: आपली प्रत झेरॉक्स काढताना लहान झाली असावी, पट्टी न लावता छापलेले आकडे वाचावेत.

प्रश्न (वाघोली): दारापाशी पाव वर्तुळ आणि खोलीत तुटक रेषा कशासाठी असतात?

उत्तर: पाव वर्तुळ दार कोणत्या बाजूला आणि कुठवर उघडते ते दाखवते. जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर घर आडवे कापून वरून पाहावे, तसा हा नकाशा असतो. त्या पातळीच्या वरचे बीम किंवा माळे तुटक रेषेने दाखवतात.

प्रश्न (हिंजवडी): माहितीपत्रकात १० बाय १० फुटांच्या बेडरूममध्ये डबलबेड, कपाट आणि टेबल व्यवस्थित बसलेले दिसते. एजंट म्हणतो, ‘हाच नकाशा फायनल आहे, आज टोकन द्या.’ द्यावे का?

उत्तर: देऊ नये. साडेसहा फूट लांबीचा पलंग आणि त्याच्या पायथ्याशी दोन फूट खोलीचे कपाट ठेवल्यावर मध्ये दीड फूटच जागा उरते, आणि तेवढ्यात कपाटाचे दार धड उघडून समोर उभेही राहता येत नाही. माहितीपत्रकात मात्र पलंगच पाच फुटांचा काढतात, म्हणजे खोली आपोआप ऐसपैस दिसते. ही युक्ती इतकी जुनी आहे की तिला अजूनही सुशिक्षित माणसे फसतात याचे मला नवल वाटते. आपण पाहावयाचा तो मंजूर, म्हणजे बांधकाम परवानगी देणाऱ्या संस्थेने मान्य केलेला नकाशा, आणि २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्यानुसार तो मागण्याचा आपल्याला हक्क आहे. त्याच कायद्याच्या व्याख्येप्रमाणे चटई क्षेत्रात (कार्पेट एरियात), म्हणजे घराच्या आतल्या वापरण्याजोग्या जागेत, आतल्या विभाजक भिंती धरल्या जातात, परंतु बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट (नळ-वाहिन्यांसाठी सोडलेली उभी पोकळी) आणि बाल्कनी धरली जात नाही. त्यामुळे बाल्कनी मिळवून सांगितलेला आकडा मान्य करू नये. करारनाम्याला जोडलेला नकाशा मंजूर नकाशाशी ताडून पाहावा आणि टोकन देण्यापूर्वी दोन्ही कागद स्वतंत्र वास्तुविशारदाला व वकिलाला दाखवावेत. एजंटची घाई ही त्याची अडचण आहे, आपली नव्हे.

प्रश्न (बाणेर): हॉल आणि लहान खोली यांच्यामधली भिंत नकाशात पातळ दिसते, म्हणून ती पाडता येईल असे ठेकेदार सांगतो. खरे आहे का?

उत्तर: जाडीवरून हे ठरत नाही. ॲल्युमिनियम शटरिंगने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून, उभारलेल्या इमारतींत पातळ दिसणारी भिंतही काँक्रीटची आणि भार पेलणारी असू शकते. स्ट्रक्चरल ड्रॉइंग (इमारतीचा भार कोणते भाग पेलतात ते दाखवणारा नकाशा) पाहिलेल्या अभियंत्याचे लेखी मत, तसेच सोसायटीची आणि आवश्यक तेथे महापालिकेची परवानगी मिळेपर्यंत हातोडा उचलू देऊ नये.

प्रश्न (सदाशिव पेठ): वाड्याचा पुनर्विकास होणार आहे. आमच्या दोन खोल्यांचा नकाशा मी स्वतः काढू शकतो का?

उत्तर: अवश्य. जुन्या खोल्या सहसा काटकोनात नसतात, म्हणून चारही भिंतींबरोबर दोन्ही कर्ण मोजावेत, भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी घ्यावी आणि आलेखपत्रावर एका मीटरला दोन सेंटिमीटर धरावेत. मात्र हा कागद केवळ पडताळणीपुरता आहे. हक्काचे क्षेत्रफळ आपल्या वास्तुविशारदाकडून मोजून घ्यावे, आणि तेही विकसकाच्या क्षेत्रफळाच्या तक्त्यावर सही करण्याआधी. ‘त्यांचा माणूस मोजून गेला की बघू’ असे म्हणत थांबलेल्या भाडेकरूंना वाडा पाडल्यानंतर मोजण्यासाठी भिंतच उरत नाही.