घरच्या पिझ्झाचा बेस कडक होत असेल, तर चिकट पिठात आणखी पीठ घालू नका

आपला प्रश्न असा आहे : पाच जणांच्या कुटुंबासाठी पिझ्झा बेससकट घरी करायचा आहे, पीठ हाताला फार चिकटते म्हणून मळताना आपण वरून मैदा घालत राहता, आणि बेस दर वेळी कडक व चिवट होतो, तर यीस्ट वाढवावे का, आणि पिझ्झा स्टोन, म्हणजे ओव्हनमध्ये तापवून ज्यावर पिझ्झा भाजतात तो सपाट दगड, विकत घ्यावा का? यीस्ट आणि स्टोन यांच्याकडे मी नंतर येतो. बेस कडक होण्याचे कारण आपण स्वतःच प्रश्नात लिहून ठेवले आहे, आणि ते कारण कळायला मला सहा वर्षे लागली, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

भाचीच्या दहाव्या वाढदिवसाला आठ जणांसाठी पिझ्झा मी करीन, असा शब्द मी आठवडाभर आधी दिला होता. त्यापूर्वी दोनदा मी तो फक्त घरातल्या तिघांसाठी केला होता आणि दोन्ही वेळा तो चांगला झाला होता. त्या दिवशी सकाळी मी एक किलो मैदा वजन करून घेतला, त्यात साडेसहाशे ग्रॅम पाणी, मीठ आणि यीस्ट घालून पीठ भिजवले आणि पातेले झाकून बाजारात गेलो. हे पीठ भिजवल्याबरोबर फार चिकट लागते, आणि तसेच ते लागायला हवे. अर्ध्या तासाने परत आलो तेव्हा ताई ओट्यापाशी उभी होती आणि तिच्यासमोर एक घट्ट, गुळगुळीत, देखणा गोळा होता. ती म्हणाली, "अरे, किती सैल भिजवलं होतंस, हाताला लगदा लागत होता. मी सारखं करून ठेवलंय." बेसवर भुरभुरायला म्हणून मी अर्ध्या किलो मैद्याचे वेगळे पाकीट आणले होते, ते निम्मे रिकामे झाले होते.

ताईच्या हाताला चव आहे हे आमच्या घरात सर्वमान्य आहे आणि मीही ते मानतो, त्यामुळे मी तिचे आभार मानले. संध्याकाळी तो गोळा थापताना दर वेळी आखडून मागे येत होता. शेवटी लाटण्याने लाटावा लागला. भाजून निघालेला बेस सुरीने कापताना आवाज करत होता. मुलांनी मधला चीजचा भाग खाल्ला आणि कडा ताटात ठेवून दिल्या. सगळ्यांसमोर ताई म्हणाली, "घरी पिझ्झा होत नाही रे. तयार बेस आणला असतास तर दिवस वाया गेला नसता." पुढे कितीतरी वर्षे मी कोणतेही नवे काम अंगावर घेतले की घरात कोणीतरी त्या पिझ्झाची आठवण काढत असे, आणि दर वेळी ते मला लागत असे, कारण चूक नेमकी कुठे झाली हे मला सांगता येत नव्हते. मी यीस्टला दोष दिला, ओव्हनला दिला, मैद्याला दिला. पिठात घातलेल्या त्या पाव किलो मैद्याकडे मात्र माझे लक्ष गेले नाही.

हिशेब अगदी सरळ आहे. मैदा शंभर धरला तर माझ्या पिठात पाणी ६५ टक्के होते. एक किलोचे सव्वा किलो झाल्यावर तेच साडेसहाशे ग्रॅम पाणी ५२ टक्क्यांवर आले. मीठ आणि यीस्ट यांचे प्रमाणही त्याच हिशेबाने उतरले. इतक्या कोरड्या पिठात ग्लुटेनचे, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांचे लवचिक जाळे ताठ राहते, ते ताणायला गेले की मागे येते, आणि यीस्टने तयार केलेल्या वायूला ते फुगू देत नाही. ओव्हनमध्ये पिठातल्या पाण्याची वाफ होऊन बेस उचलला जातो. पाणीच कमी असेल तर बेस फुगण्याआधी वाळतो. आपण मळताना मूठ मूठ मैदा घालता तेव्हा नेमके हेच होत असते, आणि वजन केलेले नसल्यामुळे किती मैदा गेला हे आपल्याला कधीच कळत नाही.

चिकटपणा हा दोष आहे असे समजणे हीच मुळात चूक आहे. भिजवलेल्या पिठाला पाणी शोषून घ्यायला वेळ लागतो. पीठ कोरडे राहणार नाही एवढेच कालवा, झाकून अर्धा तास ठेवा, आणि मग हात पाण्यात बुडवून पिठाची एक बाजू वर ओढून मध्ये दुमडा, भांडे फिरवून चारही बाजूंनी तसेच करा. अर्ध्या अर्ध्या तासाने असे तीनदा केले की जे पीठ बोटांना सोडत नव्हते तेच तुकतुकीत होऊन भांड्याच्या कडा सोडू लागते, आणि त्यात चिमूटभरही मैदा वाढवावा लागत नाही. ग्लुटेनचे जाळे पाणी आणि वेळ मिळाला की बरेचसे आपोआप जुळते. दहा मिनिटे दणादण मळणे हा त्याच्याकडे जाणारा एकमेव रस्ता नाही. ओला हात पिठाला चिकटत नाही, ही एवढी गोष्ट त्या दिवशी मला माहीत असती तर मी ताईला ती तिथल्या तिथे करून दाखवली असती.

सहा वर्षांनी ती मी करून दाखवली. ताई घरी राहायला आली असताना मी दोन पिठे भिजवली : एक ५०० ग्रॅम मैद्याचे आणि दुसरे ६२५ ग्रॅम मैद्याचे, दोन्हींत पाणी ३२५ ग्रॅम. फ्रीजमधली रात्र तीच, ओव्हन तोच, तापमान तेच, सॉस आणि चीज वजन करून सारखे. पहिला बेस मी बोटांनी थापला, दुसरा लाटण्याशिवाय पसरलाच नाही. ताईने दोन्हींचा एकेक तुकडा खाल्ला, दुसऱ्या तुकड्याची कड बराच वेळ चावली आणि म्हणाली, "हा वाढदिवसाचा." तरी तिने एक मुद्दा सोडला नाही : पिझ्झाचे माहेर जे इटलीतले नेपल्स शहर, तिथले पीठ इतके सैल नसते. ते खरे आहे, तिथे पाणी साधारण ६० टक्क्यांच्या आसपास असते. परंतु तिथल्या लाकडाच्या भट्टीत तापमान ४३० ते ४८० अंश सेल्सिअस असते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. पिठातले पाणी उडून जायला तेवढा वेळच मिळत नाही. घरातला ओव्हन २५० अंशांवर थांबतो, पिझ्झाला आठ ते दहा मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ पीठ वाळत राहते. म्हणून घरच्या पिठात पाणी नेपल्सपेक्षा थोडे जास्तच लागते. लाटण्याच्या बाबतीत मात्र नेपल्स माझ्या बाजूने आहे. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांची कला युनेस्कोने २०१७ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, आणि त्या कलेत बेस हातानेच पसरवतात. मधून कडेकडे बोटांनी दाबत गेले की वायू कडेत साठतो आणि तीच कड ओव्हनमध्ये फुगते. लाटण्याने तो सगळा वायू निघून जातो.

पाच जणांसाठी ७५० ग्रॅम मैदा, ४९० ग्रॅम पाणी, १८ ग्रॅम मीठ आणि ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घ्या. वर सांगितल्याप्रमाणे तीनदा दुमडून झाल्यावर अडीचशे ग्रॅमचे पाच गोळे करा, त्यांना तेलाचा हात लावून झाकणाच्या डब्यात एक दिवस फ्रीजमध्ये ठेवा आणि थापण्याआधी दोन तास बाहेर काढा. एकेका गोळ्यातून २८ ते ३० सेंटिमीटरचा पिझ्झा होतो. कप आणि वाट्या यांच्या मापाने हे जमणार नाही; स्टोनच्या आधी वजनकाटा घ्या.

यीस्ट वाढवू नका. जास्त यीस्टने पीठ लवकर फुगते, पण त्याला यीस्टचाच वास येतो आणि चव येत नाही. चव थंडाव्यात सावकाश आंबण्यातून येते. सॉससाठी टोमॅटो कुस्करून मीठ घाला, शिजवण्याची गरज नाही. ताजे मोझरेला चीज पाण्यातले असेल तर तुकडे करून अर्धा तास निथळत ठेवा. वर फार काही रचू नका.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मैद्याच्या पाकिटावर प्रथिनांचे प्रमाण ११ टक्क्यांहून कमी असेल तर तो ६५ टक्के पाणी पेलत नाही आणि पीठ खरोखरच पसरट होते. तेव्हा ६० टक्क्यांपासून सुरुवात करा, पण तो निर्णय पाणी मोजताना घ्या, मळताना मैदा घालून नव्हे. हवा गरम असेल तर यीस्ट २ ग्रॅम पुरते. थापताना ओट्यावर भुरभुरलेला मैदा वेगळा, त्याला माझी हरकत नाही. आणि वाढदिवसाच्या त्या पिझ्झाबद्दल पूर्ण खरे सांगायचे तर बेस करपेल या भीतीने मी ओव्हन २०० अंशांवर ठेवला होता आणि एकेक पिझ्झा जवळजवळ वीस मिनिटे भाजला होता, त्यामुळे कडकपणातला काही वाटा माझाही होता. ताईला मी हे सांगितले आहे. दोन्ही पिठे एकाच तापमानाला भाजूनही फरक राहिला, म्हणून मोठा वाटा मैद्याचाच, हे माझे म्हणणे मात्र कायम आहे.

स्टोन चांगला, पण लगेच घेऊ नका. जाड बुडाचा बेकिंग ट्रे उलटा करून ओव्हनमध्ये ठेवा, ओव्हन जितका तापतो तितका तापवा, आणि ट्रे आत असतानाच पाऊण तास जाऊ द्या. पिझ्झा रवा भुरभुरलेल्या लाकडी पाटीवर थापा आणि तिथून थेट ट्रेवर सरकवा. बुडाला तपकिरी ठिपके आले तर स्टोनची घाई नाही. तरीही बूड फिकटच राहत असेल, तर स्टोनपेक्षा पोलादी प्लेट घ्यावी असे माझे मत आहे, कारण ती उष्णता पिठाला अधिक वेगाने देते. मात्र ती जड असते, आणि ओव्हनची जाळी तिचे वजन पेलते का हे आधी पाहून घ्या.