मुलगी कृष्णविवरांवर संशोधन करायचं म्हणते, यात पोट भरतं का?

तुमची मुलगी ठाण्यात बारावी सायन्सला आहे, इंजिनीअरिंग नको म्हणते, आणि तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: कृष्णविवरांच्या अभ्यासात पोट भरतं का, आणि तिला दुर्बीण घेऊन द्यावी का. दुर्बीण हौसेला द्या. ठाण्याच्या उजेडात शनीची कडी, गुरूचे चंद्र दिसतील, पुढे फारसं नाही. मी दहा वर्षं या धंद्यात आहे. कामासाठी दुर्बिणीला डोळा एकदाही लावलेला नाही.

आमचं आकाश फाइलीतून येतं. कृष्णविवराभोवती फिरणारा वायू इतका तापतो की क्ष-किरण सोडतो. ते आपल्या वातावरणातच शोषले जातात, म्हणून उपकरणं वर न्यावी लागतात. 2015 साली अवकाशात गेलेल्या भारताच्या खगोल-उपग्रह अ‍ॅस्ट्रोसॅटवरची क्ष-किरणांची महत्त्वाची उपकरणं इथेच कुलाब्याला, टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेत घडली.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला त्याच डेटात एका दीर्घिकेच्या (अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाच्या) केंद्राचा, म्हणजे तिथल्या कृष्णविवराजवळचा, उजेड ठरावीक लयीत कमीजास्त होताना दिसला. दर 98 मिनिटांनी. तीन आठवडे मी हवेत. पेपरचं शीर्षकसुद्धा ठरवून ठेवलेलं. सरांनी आलेख पाहिला, चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला किती वेळ लागतो गं?" झालं. दर फेरीला उपकरणातला मागचा गोंगाट वर-खाली होत होता आणि मी तो नीट वजाच केला नव्हता. पुढचे दोन महिने तेच निस्तरत बसले.

पण प्रश्न सुटत नाही डोक्यातून. 2019 साली ज्याचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलं, ते एम87 या दीर्घिकेतलं कृष्णविवर सूर्याच्या सुमारे 650 कोटी पट जड आहे. तरी अख्ख्या दीर्घिकेपुढे ते चिमूटभरच. आणि त्यातून सुटणारे झोत आजूबाजूचा वायू असा तापवतात की तो थंड होऊन नवे तारे बनणंच रोडावतं. ही उष्णता एवढ्या दूरवर पसरते कशी, यावर अजून भांडणं चालू आहेत. माझं पोट त्या भांडणावरच चालतं.

तर पोटाचं. पीएचडीला सध्या महिना 37,000 रुपये फेलोशिप, दोन वर्षांनी 42,000. हॉस्टेल मिळालं तर मुंबईत निभतं. खरी ओढाताण नंतर: दोन-तीन वर्षांची कंत्राटं, बहुतेकदा परदेशात. माझं पहिलं युरोपात झालं, दुसरं इथे चालू आहे, ते पुढच्या ऑगस्टला संपतं. तेहतिशी उलटली, पक्की नोकरी नाही, आई फोनवर आता तो विषयच काढत नाही. बरोबरचे निम्मे बँकांत नाहीतर डेटा सायन्समध्ये गेले, बीकेसीत माझ्या तिप्पट कमावतात. उपाशी कोणी नाही.

वाट म्हणाल तर बारावीनंतरची नेस्ट प्रवेशपरीक्षा देऊन कलिन्याचं सीईबीएस (मुंबई विद्यापीठातलं मूलभूत विज्ञानाचं केंद्र), नाहीतर साधं फिजिक्समधलं बीएस्सी, एमएस्सी आणि मग पीएचडीच्या प्रवेशासाठी जेस्ट किंवा टीआयएफआरची परीक्षा. गणिताला कंटाळत असेल तर मात्र आत्ताच बोला तिच्याशी.

दुर्बिणीच्या पैशांत थोडी भर घालून बरा लॅपटॉप घ्या, पायथन शिकू दे. अ‍ॅस्ट्रोसॅटचा जुना डेटा कोणालाही फुकट उतरवून घेता येतो. अडली तर तिलाच इथे विचारायला सांगा.