सोयाबीन बंद करू का?

प्रश्न : वय 48. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे. सोयाबीन शेतातलंच, पोळीच्या पिठात मिसळतो. सोया जनुकांवर परिणाम करतं असं वाचलं, तेव्हापासून घास उतरत नाही.
– एक वाचक, जि. लातूर

उत्तर : ताई, जनुकं बदलत नाहीत, त्यांचं काम कमी-जास्त होऊ शकतं. सोयातलं जेनिस्टीन नावाचं द्रव्य पेशीतल्या इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतं, आणि या ग्राहीमार्फतच काही जनुकांचं काम कमी-जास्त होतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी 140 रुग्ण स्त्रियांना सोयाच्या किंवा तुलनेसाठी दुधाच्या प्रथिनाची पूड दिली होती. 2014 साली निष्कर्ष आले : रक्तात जेनिस्टीन खूप चढलेल्या काहींच्या गाठीत पेशीवाढीशी निगडित जनुकं जास्त सक्रिय दिसली. पेशींची प्रत्यक्ष वाढ मात्र वेगावलेली आढळली नाही. आणि पूड केवढी? रोज सुमारे 50 ग्रॅम! तुमच्या पिठातलं मूठभर सोयाबीन त्याच्या जवळपासही नाही. शांघायच्या 5,042 रुग्णांच्या 2009 सालच्या अभ्यासात तर जास्त सोया खाणाऱ्यांमध्ये आजार परतण्याचं प्रमाण कमीच होतं.

पोळी निर्धास्त खा. सोयाबीन भाजून मगच दळा. सोया प्रथिनाचे डबे आणि आयसोफ्लेवोनच्या (जेनिस्टीनसारख्या सोयातल्या द्रव्यांच्या) गोळ्या मात्र मी माझ्या रुग्णांना घेऊ देत नाही. तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.