मारुती ८०० : प्लग नवे, तरी मिसिंग कायम

प्रश्न : माझी १९९७ची कार्ब्युरेटरवाली ८०० पावसाळ्यात सकाळी हमखास मिसिंग करते (इंजिन मधेच झटके देतं), तासाभराने सुधारते. दोनदा स्पार्क प्लग बदलले, फरक नाही. (वाचक, कुडाळ)

पावसाळ्यातच बिघडते आणि तापल्यावर सुधारते, यावरून माझा संशय प्लगवर नाही, प्लगला करंट पोचवणाऱ्या वायरवर आहे. या वायरमधून हजारो व्होल्ट जातात. इंजिनाच्या धगीने वरचं रबर कडक होतं आणि त्याला केसाएवढ्या चिरा जातात. उन्हाळ्यात निभावतं, पण दमट हवेत करंट प्लगपर्यंत पोचायच्या आधीच चिरेतून बॉडीला उतरतो. इंजिन तापून ओल सुकली की गाडी ताळ्यावर येते.

रात्री अंधारात, मोकळ्या जागेत गाडी आयडलवर ठेवून बॉनेट उघडा. झाडांवर पाणी मारायच्या स्प्रेने वायरवर अगदी हलका फवारा द्या. निळसर ठिणग्या चमकल्या की चोर सापडला. चालू इंजिनात वायरला हात लावू नका, आणि पेसमेकर असलेल्या माणसाने हे करूच नये.

मग गाडी बंद करून डिस्ट्रिब्युटरची (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) कॅप काढा आणि आतून टॉर्चच्या उजेडात बघा. एका पितळी टोकापासून दुसऱ्याकडे गेलेली, पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली आणि कापडाने पुसली जात नसेल, तर कॅपही गेली. कॅप, रोटर (कॅपखाली फिरणारा तुकडा) आणि चारही वायर (तीन प्लगच्या, एक व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलची) एकदमच बदला. एकच वायर बदलली तर महिन्याभराने दुसरी दगा देते.

प्रश्न : वायर घरी बदलल्या. आता गाडी चालू होत नाही, फटफट आवाज करते. (वाचक, सातारा)

वायरची अदलाबदल झाली आहे. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२. टायमिंग बेल्टच्या बाजूचा सिलिंडर पहिला. कॅप काढा, इग्निशन बंद ठेवून गाडी चौथ्या गिअरमध्ये हळूच पुढे ढकला आणि रोटर कुठल्या दिशेला फिरतो ते पाहा. कॅपवरच्या पहिल्या सिलिंडरच्या टोकापासून त्याच दिशेने १, ३, २ अशा वायर लावा. पुढच्या वेळी एक जुनी काढली की तिच्याच जागी, तेवढ्याच लांबीची नवी लावायची, मगच दुसरीला हात घालायचा. काढताना ओढायची ती टोकाची रबरी टोपी. वायर ओढली की आतली कार्बनची दोरी तुटते आणि बाहेरून काही कळत नाही.

प्रश्न : प्लग काढले. दोन तपकिरी, तिसरा काळा आणि तेलकट. तिन्ही नवे टाकू? (वाचक, नाशिक)

टाका, पण जुने फेकण्याआधी कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा. तपकिरी किंवा राखाडी रंग म्हणजे तो सिलिंडर ठणठणीत. तिन्ही प्लगवर कोरडी काजळी असती, तर चोक अडकलाय किंवा मिश्रणात पेट्रोल जास्त जातंय असं म्हटलं असतं. इथे एकाच सिलिंडरमध्ये ऑइल येतंय. रात्रभर उभी राहिलेली गाडी चालू करताना निळा धूर येऊन थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हवरून ऑइल खाली येऊ न देणारं रबर) गेलंय. चढावर, लोडवर धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगांकडे बघावं लागेल. आधी तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या. ते न करता घातलेला नवा प्लगही काही दिवसांत तसाच काळा होईल. अशा वेळी प्लगवर प्लग विकणाऱ्या गॅरेजवाल्याचा मला खरंच राग येतो.

प्रश्न : इरिडियम प्लग घेऊ का? आणि किती कडक आवळायचा? (वाचक, पुणे)

या इंजिनाला साधा प्लग पुरतो. इरिडियमचे पैसे वायरवर घाला. मेक बदलताना नंबर जुळवायला जाऊ नका : एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड (म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा), बॉशमध्ये उलटा हिशोब. दुकानदाराकडून गाडीचं मॉडेल सांगूनच घ्या. ठिणगी पडते ती फट, म्हणजे गॅप, फिलर गेजने (जाडी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा, ०.७ ते ०.८ मिमी.

हेड अॅल्युमिनियमचं आहे, म्हणून काम थंड इंजिनावरच. प्लग आधी नुसत्या बोटांनी पूर्ण बसवा. अडला तर मागे फिरवून पुन्हा सरळ लावा. वॉशर टेकला की पान्याने आणखी अर्धा फेरा. जुनाच प्लग परत लावत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला जेमतेम ताण पुरे. पान्याला पाइप लावून ताकद काढली आणि आटे गेले, तर हेडमध्ये नवे आटे बसवून घ्यावे लागतात.