‘आई चॅपल, वडील चर्च’

इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या मॅटलॉक या औषधी पाण्याच्या गावातल्या मेथॉडिस्टांविषयी, म्हणजे एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या लोकांविषयी, एक मैत्रीण भाषांतर करतेय. ‘आई चॅपल, वडील चर्च’ या वाक्यावर तिची गाडी अडली. चॅपल म्हणजे छोटं चर्च ना, मग आईवडील इमारती कशा झाल्या?

कोशातला ‘छोटे प्रार्थनागृह’ हा अर्थ इथे कामाचा नाही. मूळ शब्द लॅटिन ‘कापेला’, छोटा झगा. तूरच्या संत मार्टिनने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून दिला, अशी कथा आहे. तो झगा जिथे जपला, त्या जागेलाही तेच नाव पडलं. गोव्यातलं ‘कपेल’ हे पोर्तुगीज वाटेने आलेलं त्याचंच भावंड: मोठी ती इगर्ज, छोटं ते कपेल.

इंग्लंडमध्ये मात्र प्रश्न आकाराचा राहिला नाही. चर्च म्हणजे राजमान्य चर्च ऑफ इंग्लंड. इतर प्रोटेस्टंटांचं ते चॅपल, मग आत हजार माणसं का मावेनात! मेथॉडिस्टांचा मूळपुरुष जॉन वेस्ली १७९१ मध्ये वारला तोवर चर्च ऑफ इंग्लंडचाच पाद्री होता, आणि आपल्या इमारतींना तो ‘प्रवचनघर’ म्हणे. त्याच्यामागे अनुयायी वेगळे झाले. मॅटलॉकमध्ये जलोपचाराचं मोठं केंद्र चालवणारा गिरणीमालक जॉन स्मेडली यानेही पदरमोड करून आसपास चॅपलं बांधली.

हळूहळू शब्द इमारतीवरून माणसांवर आला. आपल्याकडे नाही का, ‘ते माळकरी आहेत’ म्हटलं की मटण आणि दारू दोन्हींचा निकाल लागतो! तसंच हे. म्हणून ‘आई चॅपलची, वडील चर्चचे’ असं लिहावं. षष्ठीने काम भागतं. पहिल्यांदा येईल तिथे अर्धी ओळ खुलासा द्यावा. फक्त मोबाइलवर लिहिताना जपून, माझ्याकडे एकदा ‘आई चप्पलची’ झालं होतं.

एकाच गावात मेथॉडिस्टांची दोन चॅपलं दिसली तर ती चूक समजू नका. १८११ च्या सुमारास प्रिमिटिव्ह मेथॉडिस्टांनी वेगळी चूल मांडली, ती १९३२ मध्ये पुन्हा एक झाली.

आणि हा नियम मुंबईला लावू नका. अपोलो बंदराजवळचं बोवेन मेमोरियल हे मेथॉडिस्ट ‘चर्च’च आहे. इथली ती परंपरा अमेरिकेतून आली, आणि तिथल्या मेथॉडिस्टांनी १७८४ मध्येच स्वतःला चर्च म्हणवून घेतलं होतं.