बुरशी आलेल्या जुन्या व्हीएचएस कॅसेट टाकून द्यायच्या की वाचवायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामांनी मुंबईत दूरदर्शनवरून रेकॉर्ड करून पाठवलेल्या मराठी सिनेमांच्या आणि मालिकांच्या व्हीएचएस कॅसेट खानापूरच्या घरी माळ्यावर आहेत, त्यांना पांढरी बुरशी आलीय. सगळं यूट्यूबवर असताना त्या ठेवायच्या कशाला, आणि ठेवायच्याच तर बेळगावात कुठं द्यायच्या?

टाकू नका. ‘सगळं यूट्यूबवर आहे’ म्हणणाऱ्यांनी दोन्ही प्रती शेजारी-शेजारी लावून बघितलेल्या नसतात. जुन्या मराठी सिनेमाची नेटवरची प्रत पुष्कळदा व्हीसीडीवरून (डीव्हीडीच्या आधीची सिनेमाची सीडी) उचललेली असते. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे उभ्या दिशेनं पॅलच्या (आपल्या टीव्हीची पद्धत) ५७६ रेषांपैकी निम्म्या गेल्याच. वर कंपनीचा लोगो, आणि एखादं कडवं कापलेलं. मामांच्या कॅसेटवर रंग थोडे पसरलेले असतील, पण रेषा सगळ्या आहेत.

मालिकांचं तर विचारूच नका. मधले निवेदक, ‘साप्ताहिकी’, जाहिराती, ‘व्यत्यय’ची पाटी, हे कुठल्या अधिकृत प्रतीत येणार? टेप महाग होती म्हणून जगभरच्या केंद्रांनी जुन्या कार्यक्रमांवर नवे कार्यक्रम रेकॉर्ड केले. स्मिता पाटील मुंबई केंद्रावर मराठी बातम्या वाचायच्या तेव्हा आपल्या घरांत व्हीसीआर नव्हते, त्यामुळं ते कुणाच्या माळ्यावर सापडण्याची आशाच नाही. नंतरचं सापडू शकतं, ते अशाच खोक्यांत. आणि ‘सरकारनं जपलं असेल’ या भरवशावरही राहू नका. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेल्या प्रभातची मूळ, चटकन पेटणारी नायट्रेट रिळं पुण्यात जपून ठेवली होती, ती जानेवारी २००३च्या आगीत गेली.

आता बुरशी. खानापूर-जांबोटीकडचा पाऊस आणि कौलाखालचा माळा, म्हणजे तिला हवं ते सगळं मिळतं. टेपवरचा चुंबकीय थर ज्या चिकट द्रव्यानं धरलेला असतो ते ओल पितं, आणि बुरशी गुंडाळीच्या कडेवर वाढते. कॅसेटच्या खिडकीतून कडेला पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती कॅसेट मशीनमध्ये अजिबात घालायची नाही. एकदा फिरवली की भुकटी हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसते, चित्र जातं, आणि पुढं त्या मशीनमध्ये जाणाऱ्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला प्रसाद मिळतो. शिवाय थर एकमेकांना चिकटलेले असले तर टेप कडेनं फाटते.

आधी वाळवा. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून आठवडा-दोन आठवडे ठेवा. उन्हात नको, ओव्हनमध्ये तर मुळीच नको. टेप भाजण्याचा उपाय चिकट झालेल्या काही विशिष्ट स्पूल टेपांसाठी आहे, व्हीएचएससाठी नाही. ओली बुरशी पुसली की पसरते, वाळलेली झडते, म्हणून हा वेळ वाचवू नका. वाळली की कॅसेटच्या कण्यावरची छोटी टॅब मोडून टाका, चुकून वर रेकॉर्ड होऊ नये म्हणून.

मग व्हरांड्यात, एन-९५ मास्क लावून, कॅसेटचं खोकं उघडायचं. खाली पाच स्क्रू असतात, साधा फुलीचा स्क्रूड्रायव्हर चालतो. स्क्रू काढून कॅसेट सुलटी करा आणि वरचं झाकण उचला. उलटी असताना उघडली तर स्प्रिंग आणि रोलर सांडतात. टेप कुठल्या खुंटीच्या बाहेरून आणि कुठल्या रोलरच्या आतून जाते याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. टेप गुंडाळलेल्या दोन्ही चकत्या उचलून त्यांच्या कडा कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. जुनं खोकं परत वापरू नका, कोपऱ्यात बुरशी राहतेच. कुठल्यातरी नको असलेल्या कॅसेटचं स्वच्छ खोकं घ्या आणि चकत्या त्यात बसवा, टॅब त्याचीही मोडा. खोक्याच्या तळाला मध्ये एक भोक असतं, त्यात पेन्सिलीचं टोक घातलं की ब्रेक सुटतो आणि चकत्या हातानं फिरतात. टेपच्या दोन्ही टोकांचा पारदर्शक तुकडा मात्र कापू नका. त्यातून दिव्याचा प्रकाश आरपार गेला की टेप संपल्याचं मशीनला कळतं. तो नसेल तर मशीन शेवटी टेप ओढत राहतं.

ई-१८० (तीन तासांच्या) कॅसेटमध्ये सुमारे २५८ मीटर टेप असते, सगळी पुसणं सोपं नाही. बुरशी नुसती कडेवर असेल तर झाडणं पुरतं. पृष्ठभागावर असेल तर टेप हळूहळू फिरवत धागे न सुटणाऱ्या कापडानं दोन्ही बाजूंनी पुसा. कापडावर ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल, जेमतेम ओल लागेल इतकंच. मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. यानंतर एका दुय्यम मशीनमध्ये पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवा, म्हणजे गुंडाळी सारखी होते. हे झाल्यावरच चांगलं मशीन.

त्या मशीनचं हेड साफ करताना कापसाच्या काड्या ड्रमवर लावणारे लोक बघितले की माझा संताप होतो. ६२ मिलिमीटरच्या त्या ड्रमवर हेडचे तुकडे केसाएवढे बाहेर आलेले असतात, कापसाचा धागा अडकला की टवका उडतो. अल्कोहोलमध्ये भिजवलेली शॅमॉयची (मऊ कातड्याची) पट्टी ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरायची आणि ड्रम वरून हातानं फिरवायचा. पट्टी वर-खाली कधीच घासायची नाही. कापूस चालतो तो फक्त न फिरणाऱ्या आवाजाच्या हेडला. टेप ओढणाऱ्या रबरी पिंच रोलरला साबणाचं पाणी बरं, अल्कोहोलनं रबर कडक होतं.

कॉम्प्युटरवर घेताना मशीनचं चित्र कॉम्प्युटरला देणारी स्वस्त यूएसबी काडी थेट लावली की जुन्या टेपच्या डळमळत्या सिग्नलला ती फ्रेम गाळते आणि आवाज पुढं-मागं होतो. मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडा, रेकॉर्डिंगसाठी नाही, नुसता सिग्नल त्यातून जाऊ द्यायला. पुष्कळ मॉडेल रेषा सरळ करून देतात. सेटिंग पॅल, ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, आवाज ४८ किलोहर्ट्झ. ह्युफवाययूव्हीसारख्या कोडेकमध्ये (चित्र न बिघडवता साठवण्याची पद्धत) तासाला तीसेक जीबी जातात, जाऊ द्या. घेतानाच एमपी४ केलं की पुढं काही सुधारता येत नाही. तळाला चार-आठ रेषा फाटलेल्या दिसतील, तो बिघाड नाही. हेड बदलण्याची ती जागा, जुन्या टीव्हीत चौकटीआड लपायची.

इथं एक फरक बहुतेकांच्या लक्षात येत नाही. स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्यावर घेतलेल्या ‘गजरा’सारख्या कार्यक्रमात सेकंदाला ५० वेगळी फील्ड (एकाआड एक रेषांची अर्धी चित्रं) असतात, म्हणून त्याचं डीइंटरलेस (प्रत्येक अर्ध्या चित्राची पूर्ण फ्रेम) करून ५० फ्रेम ठेवा, हालचाल तेव्हाच्यासारखी सलग दिसते. सिनेमात दोन्ही फील्ड एकाच फ्रेमची असतात, त्याला डीइंटरलेस केलं तर उगाच चित्र बोथट होतं. सिनेमा २४ फ्रेमचा, पॅलवर २५नं पळवलेला, म्हणून १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो आणि गाण्याची पट्टी किंचित चढते. तंबोरा लावून ऐकणाऱ्याला ते खटकतं. फाइल २४वर आणली, आवाजाचा वेगही त्याच प्रमाणात कमी केला, की पट्टी जागेवर येते.

आणि कृपा करून चित्र ताणू नका. या एका गोष्टीवर माझा घरीदारी वाद चालू असतो. ‘टीव्ही एवढा मोठा घेतला आणि दोन्हीकडं काळ्या पट्ट्या’ अशी तक्रार करणारे ‘वाइड’ दाबतात आणि प्रत्येक चेहरा एक तृतीयांशानं रुंद करतात. नायिका सुजल्यासारखी दिसते ते कुणाला दिसत नाही? ‘झूम’ त्याहून वाईट: ४:३ चित्राची चौथाई उंची कापली जाते. तमाशापटात लावणी चालू असताना कापलं काय जातं? वरून फेटा आणि खालून घुंगरांचे पाय. नाचणारीचे पाय दिसणार नसतील तर लावणी बघायची कशाला? आपले बहुतेक जुने कृष्णधवल मराठी सिनेमे १.३७:१ चौकटीत घेतलेले आहेत, कॅमेरामननं तीच चौकट भरलीय. रुंद पडदा ही वेगळी गोष्ट, भारतात सिनेमास्कोप ‘कागज़ के फूल’नं १९५९ला आणला. तो टीव्हीवर पट्टी वर-खाली घेऊनच बघायचा, आणि हे सिनेमे पट्टी डावी-उजवीकडं ठेवून. टीव्हीच्या मेनूत ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ असतं, एकदाच लावा आणि रिमोट लपवा.

बेळगावात दुकान कुठलं ते सांगत नाही, कारण काम दुकानावर नाही, माणसावर असतं. विचारा: बुरशी आधी साफ करता का? फाइल कुठल्या कोडेकमध्ये देता? ‘डीव्हीडीवर घालून देतो’ एवढंच उत्तर आलं तर कॅसेट घेऊन परत या.

काही गोष्टी राहिल्या. अल्कोहोल पेट घेतं, चुलीजवळ नको. मशीन उघडण्याआधी प्लग काढा, पॉवर सप्लायला हात लावू नका. दम्याचा त्रास असेल तर बुरशीचं काम दुसऱ्याला द्या. टेपचा तपकिरी थरच सुटून आरपार दिसत असेल तर तिथलं चित्र गेलं. तो तुकडा कापून पुढचं वाचवा. सिनेमे स्वतःपुरते ठेवा, चॅनेलवर टाकू नका, हक्क दुसऱ्याचे असतात. आणि पावसाळ्यात हे काम काढू नका. आत्ता फक्त कॅसेट माळ्यावरून खाली आणून, सिलिका जेलच्या डब्यात पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सगळ्यात कमी महत्त्वाच्या कॅसेटपासून सुरू करा.