डोळे कुठे जातात, हे शिकून पोट भरेल का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमची लेक महाराजा सयाजीराव विद्यापीठात मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दोन महिन्यांपासून दांडिया बाजारातल्या तुमच्या घरी येईल त्याला लॅपटॉपसमोर बसवून 'आता या ठिपक्याकडे बघा' म्हणते आहे. आजोबांनाही तिनं सोडलेलं नाही. मामा म्हणतात, बी.एड. कर. तुम्ही विचारता, हा अभ्यास आहे की नुसता नाद, यात पोट भरेल का, आणि लोकांचे डोळे असे टिपणं बरं का?

अभ्यास आहे, आणि चांगला जुना आहे. नजर कुठे कुठे जाते हे टिपायच्या या कामाला 'आय ट्रॅकिंग' म्हणतात. आज रात्री एक करून बघा. वर्तमानपत्राच्या मधोमध पेन्सिलीनं भोक पाडा, ते लेकीला समोर धरून वाचायला सांगा आणि तुम्ही पलीकडून भोकातून तिचे डोळे बघा. ओळीवरून नजर सरकत जाते असं आपल्याला वाटतं. तुम्हाला दिसतील त्या उड्या. डोळा टुणकन पुढे जातो, पाव सेकंदभर थांबतो, पुन्हा उडी. अक्षरं वाचली जातात ती त्या थांब्यांवर. यार्बस नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं इल्या रेपिन या चित्रकाराचं, एका घरातल्या माणसांचं एकच चित्र एकाच माणसाला पुन्हा पुन्हा दाखवलं, दर वेळी प्रश्न बदलून. 'या घराची सांपत्तिक स्थिती कशी?' विचारलं की नजर कपड्यांवर, सामानावर फिरे. 'यांची वयं काय?' म्हटलं की चेहऱ्यांवर. फत्तेसिंह म्युझियममध्ये रविवर्म्याच्या चित्रापुढे साडीचे काठ बघायला गेलेली बाई आणि चेहरा बघायला गेलेली बाई एकच चित्र बघत नाहीत, हे तुम्हीही अनुभवलं असेल.

पूर्वी यासाठी प्रयोगशाळेतलं महागडं यंत्र लागे. ते डोळ्यावर इन्फ्रारेड प्रकाश टाकतं आणि त्याची चमक टिपतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी 'वेबगेझर' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम मांडला आणि साध्या वेबकॅमवर हे काम होऊ लागलं. माणूस जिथे क्लिक करतो तिथेच तो बघत असणार, हे धरून तो प्रोग्रॅम शिकत जातो. तिचे ठिपके त्यासाठीच आहेत.

आता खरी अडचण सांगतो, कारण तिचं करिअर इथेच ठरेल. चांगल्या इन्फ्रारेड यंत्राची चूक नजरेच्या कोनात अर्ध्या अंशाच्या आसपास असते, वेबकॅमची साधारण चार अंशांची. साधारण साठ सेंटिमीटर अंतरावरच्या पडद्यावर हिशेब मांडला तर एकाची चूक अर्धा सेंटिमीटर, दुसऱ्याची चार. चार सेंटिमीटरमध्ये अख्खी बातमी मावते. शिवाय आपल्या गडद तपकिरी बुबुळात काळी बाहुली वेगळी उठून दिसत नाही, चष्म्यावर ट्यूबलाइट चमकते, आणि आजोबांनी मान जरा कलती केली की सगळं मोजमाप सरकतं. (आजोबांना खिडकीकडे तोंड करून बसवायला सांगा, पाठीमागे खिडकी नको.) नजर जिथे जास्त थांबली तिथे पडद्यावर रंगीत डाग उमटले की बघणारा भारावतो. कोणत्या डागावर विश्वास ठेवायचा हे ज्याला कळतं, त्याला काम मिळतं.

म्हणून तिला प्रश्न या साधनाला झेपेल असा घ्यायला सांगा. बडोद्यात तो दारातच पडलाय. आपली मुलं घरी मराठी बोलतात आणि पाट्या गुजराती वाचतात. एकच सूचना पडद्याच्या डाव्या अर्ध्यात मराठीत, उजव्या अर्ध्यात गुजरातीत लावा. नजर आधी कुठे जाते? डावं-उजवं वेबकॅमला नीट कळतं. मात्र निम्म्या लोकांना बाजू बदलून दाखवायला हवी, नाहीतर डावीकडून बघायची सवय भाषेच्या आवडीच्या नावावर जमा होईल. आणि सगळ्यांना आधी एकच प्रश्न विचारायला हवा. यार्बसनं तेच शिकवलं. शिरोरेषेमुळे देवनागरी शब्दावर डोळा वेगळा थांबतो का, गुजरातीत ती नाही तर काय होतं, हा याहून सुंदर प्रश्न आहे. पण तो शब्दाशब्दाचा आहे, त्याला प्रयोगशाळाच हवी. तो मनात राहिला, तर पुढची वाट तोच दाखवील.

ती वाट म्हणजे कॉग्निटिव्ह सायन्सची, म्हणजे मन आणि मेंदू कसं काम करतात या शास्त्राची, एम.एस्सी. आयआयटी गांधीनगर जवळच आहे. अलाहाबाद विद्यापीठाचं केंद्रही या विषयात नावाजलेलं. डिझाइनकडे ओढा असेल तर सीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाचा विचार करावा. नोकऱ्या बहुतेक 'यूएक्स रिसर्चर' या नावानं निघतात: बँकेचं ॲप, तिकिटाचं संकेतस्थळ लोक कसं वापरतात, कुठे अडतात, हे शोधायचं. 'आय ट्रॅकिंग' म्हणून वेगळी जागा क्वचितच निघते, हे आधीच सांगून ठेवतो. तिथे मुलाखत घेणं, माणसाचं ऐकून घेणं आणि संख्याशास्त्र हेच जास्त लागतं. म्हणून या वर्षी संख्याशास्त्राचा पेपर तिनं टाळू नये, आणि सोबत पायथन किंवा आर या संगणकीय भाषांपैकी एक धरावी. बी.एड. वाईट नाही, पण तिचा जीव तिथे नसेल तर मामांना तसं स्पष्ट सांगा.

डोळे टिपण्याबद्दलची तुमची शंका रास्त आहे, आणि ती तुम्हाला आली याचं मला फार बरं वाटलं. वेबगेझरचं काम ब्राउझरमध्येच चालतं, व्हिडिओ कुठे पाठवावा लागत नाही. तरी बसणाऱ्याला काय टिपलं जातं ते आधी सांगून त्याची लेखी संमती घ्यायलाच हवी, आजोबांचीसुद्धा. शेजारची मुलं अठराच्या आतली असतील तर त्यांच्या आईवडिलांची. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही आधी सांगून संमती घेण्याचं आणि अठराखालच्यांसाठी पालकांच्या संमतीचं तत्त्व आहे. कॉलेजच्या मार्गदर्शकांना दाखवल्याशिवाय घराबाहेरच्या कुणाला तिनं बसवू नये.

परीक्षा संपली की दोघी भेटायला या. येताना तिला दोन-तीन ओळी लिहून आणायला सांगा: मला नेमकं काय शोधायचं आहे, आणि काय दिसलं तर माझा अंदाज चुकला असं मी मानीन.